बोटं तीच राहू द्या

आपण मोठ्या हौसेनं वेबसाइटचं पान बनवावं, मोबाईलवर तिला दाखवायला न्यावं, तर ती आधी ते पाहायचीच नाही. मोबाईल हातात घ्यायची, पडदा आपल्याकडे फिरवायची आणि खालचा अर्धा भाग तळहातानं झाकून विचारायची, "आता सांगा, कायचं दुकान आहे हे?"

वरच्या अर्ध्या भागात बहुतेक वेळा गणपती असायचा, नाहीतर लुकलुकणारं 'सुस्वागतम्'. आपण सांगायला तोंड उघडावं, की ती मान हलवायची. "तुमाले माहीत आहे हो. पानाले सांगता येते का, ते पाहून राह्यली मी."

आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायचो. तुम्ही तिला पाहिलं असतं तर एखाद्या कॉलेजातली विद्यार्थिनी समजला असता. पाठीला पिशवी, पायात साध्या चपला, केसांना घाईत लावलेलं रबर. मूळची मारेगावकडची, घरची कापसाची शेती. शिकून पुण्याला गेली, तिथल्या एका कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करायला लागली, आणि सगळ्यांची ऑफिसं घरात आली त्या काळात गावी आली ती परत गेलीच नाही. पुसदला तिच्या मामांचं बियाण्यांचं दुकान होतं. त्याच्या वरच्या खोलीत तिनं क्लास सुरू केला. जिन्याशी एक पाटी होती, तीही तिनंच लिहिलेली: 'वेबसाइट बनवायला शिका. येत काहीच नसलं तरी चालेल.'

त्या दुसऱ्या वाक्यासाठी मी जिना चढले.

माझं वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढचं. तहसील कचेरीसमोर पत्र्याची एक टपरी होती, तिच्यात बसून मी मराठी टायपिंग करायचे. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, रस्त्याच्या तक्रारी. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. लोक उभ्या उभ्या सांगायचे आणि मी त्यांचं बोलणं संपायच्या आत कागद काढून द्यायचे. हे माझं होतं. घरात मी कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची वहिनी, पण त्या टपरीत मी 'टायपिंगवाल्या बाई' होते आणि ते नाव मला फार आवडायचं. मग एकेक अर्ज ऑनलाइन झाला. टपरीसमोरची गर्दी सेतू केंद्राकडे वळली. आमच्या ह्यांनी एक दिवस जेवताना सहज म्हटलं, "झालं आता तुझं. खूप केलंस, घरी आराम कर." त्यांनी ते मायेनंच म्हटलं होतं. मी हातातला घास ताटात परत ठेवला. ही टपरी बंद व्हायच्या आत दुसरं काही हाताला लागलं नाही, तर आपण कायमच्या घरी बसणार, एवढं मला त्या घासापाशी स्पष्ट दिसलं.

क्लासच्या पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "मॅडम, माझं वय बघता जमेल ना?"

"काकू, तुमाले टायपिंग येते न?"

"तेवढंच येतं."

"मंग तुमी अर्धा रस्ता आल्या. ह्या पोराइले अजून 'क्ष' सापडत नाही."

आता तुम्हीच सांगा, इतकं ऐकल्यावर माणूस फुगणार नाही का? मी फुगले. तिनं सगळ्यांना स्वतःबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या. बाकीचे एकेक अक्षर शोधत होते, तेवढ्यात माझ्या चार ओळींच्या चौदा झाल्या होत्या. वर्गातली पोरंपोरी वळून माझ्या बोटांकडे बघायला लागली. पत्रिका आणि फ्लेक्स छापणारा एक दुकानदारही आमच्यात शिकायला यायचा. तो म्हणाला, "काकू, तुमी तं मशीनच आहा बाप्पा." मी नको नको म्हणत आणखी दोन ओळी वाढवल्या.

मग मॅडमनं ते पान आपल्या मोबाईलवर उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यावर माझं एकही वाक्य नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उद्गारचिन्हं, यांचा नुसता कचरा होता. जणू कुणी कीबोर्डवरून मांजर चालवलं होतं.

आमच्या पिढीच्या टायपिंगवाल्यांना हे दुखणं कळेल. आम्ही ज्या जुन्या फाँटवर आयुष्य काढलं, तो ज्या मशीनवर आहे तिथंच मराठी दिसते. कागदावर छापून द्यायचं होतं तोवर काहीच अडलं नाही. पण पान दुसऱ्याच्या मोबाईलवर गेलं की त्याच्याकडे तो फाँट नाही आणि आपण लिहिलेल्या सगळ्याची माती. म्हणजे नव्या पद्धतीची मराठी शिकायची, नव्या जागेवरची अक्षरं शोधायची. ज्या एका गोष्टीच्या भरवशावर मी जिना चढले होते, तीच पहिल्या दिवशी गेली.

मी आठवडाभर नव्या कीबोर्डवर झगडले. 'क' जिथं पंचवीस वर्षं होता तिथं भलतंच अक्षर यायचं. बोटं सवयीनं धावायची आणि पडद्यावर वेडंवाकडं काहीतरी उमटायचं. एका दुपारी मी शाळेतल्या पोरीसारखी एक बोट घेऊन 'पुसद' हा शब्द शोधत बसले होते, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदर चष्म्याखाली घातला. तिनं ते पाहिलं असणार.

दुसऱ्या दिवशी गेले तर माझ्या कॉम्प्युटरसमोर तीच बसलेली. म्हणाली, "काकू, टाइप करा."

"कुठं काय सापडतं मला."

"तुमच्या जुन्या सवयीनं करा. पाहू नका."

मी डोळे मिटल्यासारखं करून 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' असं टाइप केलं. तेवढंच बोटांत पाठ होतं. डोळे उघडले तर पडद्यावर स्वच्छ मराठी. तिनं मोबाईल धरला, त्यावरही तेच, जसंच्या तसं. जुन्या टाइपरायटरच्याच जागा, पण आतून नवी अक्षरं, अशी काहीतरी सोय असते म्हणे. तिनं ती शोधून माझ्या मशीनवर बसवली होती. बाकी वर्गाला तिची गरज नव्हती, फक्त माझ्यासाठी.

"तुमचे बोटं तेच राहू द्या काकू," ती म्हणाली. "मशीनले बदलता येते."

मला आजवर बरेच लोक बरंच काही शिकवून गेले. बहुतेकांनी आधी मला बदलायला सांगितलं. माझ्या हातात आहे ते मोलाचं आहे, त्याला धक्का न लावता पुढं जाऊ, असं म्हणणारी ही पहिलीच. त्या वाक्याचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी तिला कधी नीट सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

पुढचं शिकणं मजेत गेलं. पानावरची प्रत्येक गोष्ट डब्यात, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेच्या मध्ये ठेवायची, डबा उघडला की त्याचं झाकण लावायचं, हे तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी एका मथळ्याला ठळक केलं आणि झाकण लावायला विसरले, तर खालचं अख्खं पान ठळक झालं. पत्ता ठळक, फोन नंबर ठळक, 'धन्यवाद' ठळक. ती पाहून म्हणाली, "काकू, तुमचं पान भांडून राह्यलं सगळ्याइसोबत."

रंगांच्या बाबतीत ती कंजूष होती. "दोन रंग. तिसरा लागला तं आधी मले फोन करा." आमच्या फ्लेक्सवाल्यानं खरंच एकदा फोन केला. आम्ही सगळे समोरच होतो. तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "गुलाबी काहून पाह्यजे तुमाले?" फोन स्पीकरवर होता. तो पलीकडून म्हणाला, "चांगला दिसते म्हून." ती म्हणाली, "कोनाले?" त्यानं फोन ठेवला आणि गुलाबी काढला.

फ्लेक्सवाल्याचीच काय, आमची सगळ्यांचीच खोड ती. आमच्या गावातल्या चौकांतले फ्लेक्स तुम्ही पाहिले असतील. वर देव, त्याखाली मोठे नेते, मग मधले, मग ज्याचा वाढदिवस तो, आणि तळाशी शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. एखादा राहिला तर वर्षभर अबोला. आम्ही वेबसाइट शिकायला बसलो तरी डोक्यात चौकच होता. पान म्हणजे मान द्यायची जागा, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

याचा खरा प्रसंग आला माझ्या पहिल्या कामाच्या वेळी.

माझ्या चुलत दिरांची महागावला डाळमिल आहे. तूर भरडून ते आसपासच्या दुकानांना डाळ देतात. मी वेबसाइट शिकते आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "वहिनी, आमची बनवा." मला आकाश ठेंगणं झालं. हे काम जमलं असतं तर मी आणखी चार जणांना दाखवू शकले असते. नाही जमलं तर 'वहिनींचा छंद' म्हणून ते मिटलं असतं आणि मी स्वयंपाकघरात परतले असते. टपरी तोवर आठवड्यातून दोनच दिवस उघडत होते.

पण घरचं काम म्हणजे घरच्यांचंच ऐकायचं. दिरांनी सांगितलं, सगळ्यात वर आजोबांचा हार घातलेला फोटो पाहिजे, मिल त्यांनीच उभी केली. मग काकाजींचा. काकाजी म्हणजे दिरांचे वडील, माझे चुलत सासरे. मग तिघा भावांचे, मग सत्काराचे. मी हळूच म्हटलं, "फोटो थोडे खाली घेतले तर?" दीर एकदम गंभीर झाले. "आजोबाले खाली नेता का वहिनी?"

मी त्यांनी सांगितलं तसं पान केलं आणि ते घेऊन मॅडमसमोर जाऊन बसले. तिनं तळहात ठेवला. मी म्हटलं, "दिसतं आहे मला. पण मी त्यांना सांगू शकत नाही."

"तुमी सांगूच नका," ती म्हणाली. "रविवारी जाऊ आपन दोघी."

एसटीनं गेलो. तिच्यासाठी जावेनं पोहे केले होते, ते तिनं मागून घेऊन दुसऱ्यांदा खाल्ले. मिलची मशीन फिरून पाहिली, तुरीचं साल कसं निघतं ते विचारलं. वेबसाइटचं नावही काढलं नाही. मी आपली घामाघूम. चहा झाल्यावर तिनं दिरांच्या हातात त्यांचाच मोबाईल दिला.

"दादा, समजा तुमी नांदेडचे दुकानदार आहा. तुमाले तुरीची डाळ पाह्यजे. ह्या पानावरून मागवून दाखवा."

"त्यात काय," म्हणून दिरांनी अंगठा चालवला. आजोबा गेले. काकाजी गेले. स्वतःचा फोटो आला तिथं ते जरा थांबले, मग तेही गेले. सत्कार गेला, दुसरा सत्कार गेला. मी सांगायला पुढं वाकले, "अजून जरा खाली..." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि डोळ्यांनीच गप्प केलं. हीच तिची शिकवायची रीत होती. दुसरा आपलं पान पाहत असला की आपण तोंड उघडायचं नाही, कितीही जीव वरखाली झाला तरी. ती वर्गात म्हणायची, "पानासोबत आपन थोडीच जातो लोकाइच्या घरी."

दिरांचा अंगठा तिसऱ्या सत्कारापाशी थांबला. "वहिनी," ते जरा चिडूनच म्हणाले, "तुमी नंबर टाकलाच नाही का?"

नंबर होता. आणखी दोन फोटोंच्या खाली. मॅडमचा हात अजून माझ्या मनगटावरच होता.

उत्तर दिलं ते काकाजींनी. बाजेवर पडून ते सगळं पाहत होते. उठून बसले आणि म्हणाले, "माहे बाबा उभ्या जन्मात गिऱ्हाइकाच्या आडवे आले नाही. मांगच्या खोलीत बसून राहत. गिऱ्हाईक आलं का म्हनत, त्याले आधी डाळ दाखवा, मंग माह्याकडे आना. अन् आता त्याइले दारात कायले बसवलं तुमी?"

दीर खाली पाहायला लागले. तेवढ्यात मॅडम म्हणाली, "काकाजी, त्याइले मांगची खोली देऊ न आपन. त्याइचं वेगळं पान करू. मिल कशी उभी केली ते तुमी सांगा, काकू लिहितीन. तठी दुसऱ्या कोनाचा फोटो नाही लागनार."

काकाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, कागद घे."

ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले, अगदी टपरीत लिहायचे तशी. पहिलं जातं कुठून आणलं, पहिली तूर कुणी रोख पैसे न मागता दारात ओतली, सगळं. दीरही मधून मधून ऐकायला येऊन उभे राहायचे, त्यांना यातलं बरंच माहीत नव्हतं. परत जाताना एसटीत मॅडम खिडकीला डोकं टेकून झोपली. मी मात्र जागी होते आणि मला त्या झोपलेल्या पोरीच्या पाया पडावंसं वाटत होतं. वयाचा विचार करून पडले नाही इतकंच.

ते पान चाललं. दिरांना नांदेडचा नाही, पण हिंगोलीचा फोन आला. त्यांनी तो सगळ्यांना सांगितला. त्यावरून एका रोपवाटिकेचं काम आलं, मग एका मंगल कार्यालयाचं. टपरी मी बंद केली आणि घरातल्याच पुढच्या खोलीत टेबल मांडलं. आमचे हे आता आल्यागेल्याला सांगतात, "आत जाऊ नका, तिचं काम चालू आहे." हे सांगताना त्यांचा आवाज जरा मोठा असतो.

आणि मग ती गेली. वाईट काही झालं नाही. तिच्या जुन्या कंपनीनं तिला परत बोलावलं, हुद्दा मोठा होता, आणि इथं पुसदला तिच्या तोडीचं काम नव्हतं हे आम्हालाही कळत होतं. मामांनी वरची खोली बियाण्यांच्या पोत्यांसाठी घेतली. जायच्या दिवशी आम्ही सगळे बसस्टँडवर गेलो. फ्लेक्सवाल्यानं तिच्या फोटोचा छोटा फ्लेक्स आणला होता, दोनच रंगांत. ती इतकी हसली की बस सुटली तरी हसतच होती.

पुण्याहून तिचा फोन आला तो कामाचा. "काकू, क्लासचं पान अजून चालू आहे. पासवर्ड तुमच्याकडे देतो. ते काढून टाकजा. कोनी वाचून येईन अन् कुलूप पाहून जाईन. खोटं पान ठेवू नये."

मी हो म्हटलं. पान उघडलं. वर तिचं नाव आणि वर्गाची वेळ, खाली पत्ता, त्याखाली एक ओळ: 'फोन करायची गरज नाही, सरळ या.' ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही अशा मुलींसाठी तिनं ती ओळ घातली होती. माझ्यानं ते पुसवेना. आज करू, उद्या करू करत राहिले. आपल्या गावात तिचं नाव आता तेवढ्याच एका ठिकाणी उरलं होतं.

एका सकाळी बियाण्यांच्या दुकानातून मामांनी एका मुलीला माझ्याकडे पाठवलं. महागावच्या पुढच्या खेड्यातली, बारावी झालेली. बहिणीच्या मोबाईलवर पान पाहून एकटीच आली होती आणि पोती रचलेल्या जिन्यात बसून होती. दारात उभी राहून म्हणाली, "इथी क्लास हाये म्हून लिवलं होतं. बंद झाला का?"

तिच्या हातात एक पिशवी होती. तिच्यात डबा होता. दिवसभराच्या तयारीनं आली होती पोर.

मी म्हटलं, "नाही. जागा बदलली. बस."

तिला पाणी दिलं आणि टेबलापाशी जाऊन पान उघडलं. मॅडमच्या नावावर खूण केली आणि एका दाबात ते पुसलं. मग त्या जागी माझं नाव टाइप केलं. खालचा पत्ता काढून माझ्या घराचा घातला. 'सरळ या' ही ओळ तशीच ठेवली. मुलगी माझ्या मागं येऊन उभी राहिली होती आणि अक्षरं भराभर उमटताना पाहत होती.

"काकू," तिनं भीत भीत विचारलं, "पन यायचं कितीले?"

खरंच की. वेळ लिहायची राहिलीच होती. मॅडमच्या पानावर सकाळी नऊ होती, ती मी तिच्या नावाबरोबर पुसून बसले होते.

"तुझी बस किती वाजता पोचते?"

"साडेधाले."

मी टाइप केलं: 'वर्ग रोज सकाळी पावणेअकरा वाजता.'